भरतीची गोळी

पाटणबंदरच्या धक्क्यावर नीराबाईला कुणी "वाजले किती?" असं विचारत नाही. विचारतात ते "बय, पानी कवा भरतंय?" आणि तीही टोपलीतल्या मासळीवरची नजर न काढता सांगते, "आज षष्ठी. साडेचारला." हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हातात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी जी वेळ, तीच थोडी पुढे सरकून संध्याकाळी. नीराबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली, तीही बहुतेक मधल्या सुट्टीपुरतीच, पण पाऊणकीत तिला हरवणारा मास्तर अजून या बंदरात बदलून आलेला नाही.

रेवसच्या अलीकडे, खाडीच्या गाळात रुतून बसलेलं हे गाव. ओहोटीला होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या असतात, आणि पाणी चढल्याशिवाय बाहेरून आलेली एकही होडी धक्क्याला लागत नाही. त्यामुळे इथं सगळंच पाण्यावर चालतं. लिलाव पाण्यावर, जेवण पाण्यावर, भांडणसुद्धा ओहोटीला काढायचं, भरतीला कुणाला वेळ नसतो. नीराबाईचा नवरा सदा सांगतो की त्यांचं लग्नही भटजींच्या मुहूर्ताला लागलं नाही, भरतीला लागलं. नवरदेवाचीच होडी गाळात अडकली होती.

"अडकली न्हवती," नीराबाई म्हणते. "हा पलून जात व्हता, गाळानं धरून ठेवला."

सत्तावन्न वर्षांची ही बाई हाडानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. पोटावर तिच्या एक लांब आडवी खूण आहे. तशीच खूण तिच्या नातीच्या पोटावर आहे. दिशा आता अकरा वर्षांची. पोहताना कुणी विचारलं तर दिशा सांगते, मला मुशी माशानं चावलं. नवीन पोरं खरं मानतात, कारण सांगताना ती डोळ्याचं पातं हलवत नाही.

खरी गोष्ट अशी की दिशा जन्मली ती पित्ताची वाट बंद घेऊनच. तान्ही पोर दिवसेंदिवस हळदीसारखी होत गेली. मुंबईच्या डॉक्टर क्षिप्रा म्हणाल्या, यकृत बदलावं लागेल, घरातल्याच कुणाचा तरी तुकडा लागेल. सोनलचा, म्हणजे दिशाच्या आईचा, रक्तगट जुळेना. बाप निकेश छाती काढून पुढे झाला, तर त्याच्या यकृतात चरबी निघाली. सदाचं वय पुढं गेलेलं. नीराबाईच्या तीन कार्डांवर तीन वयं होती, डॉक्टरांनी तिन्ही बाजूला ठेवली आणि तिलाच आतून बाहेरून तपासून घेतलं.

कोळीवाड्यात यकृत हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. मासा फाडला की बोटांना लागतं ते काळीज, आणि वादळात होडी घालायला लागतं तेही काळीजच.

"थोडा भाग कापला तरी तुमचं यकृत पुन्हा भरून येतं, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

"खेकड्याची नांगी येते तशी?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "जवळजवळ तशीच."

"मंग कापा की. इचारता काय?"

त्याला दहा वर्षं होऊन गेली. पोर वाढली, शाळेत गेली, झाडावर चढली, झाडावरून पडली. एकच गोष्ट जन्माची मागं लागली, ती म्हणजे गोळी. बाहेरून आलेलं काळीज शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची. सकाळी आठ, रात्री आठ. इतकी वर्षं सोनलनं फोनमध्ये गजर लावून ती दिली. लग्नात दिली, पुरात दिली, एकदा तर गणपतीच्या आरतीत टाळ थांबवून दिली.

मग या दिवाळीनंतर सोनलला न्हावा शेव्याला एका गोदामात नोकरी लागली. पहाटेची लाँच पकडून रेवसहून करंजा, तिथून कंपनीची गाडी, आणि घरी यायला रात्रीचे नऊ. निकेश होडीवर, गेला की आठ आठ दिवस. राहिली कोण? सोनलनं गोळ्यांचा डबा सासूच्या हातात दिला.

"आय, दिवसातून दोनदा. बारा बारा तासांनी. एकपन चुकायची न्हाय."

"मना शिकवतंस? कालीज कुनाचं हाय आत?"

पहिल्याच आठवड्यात चुकली. आठ वाजता धक्क्यावर लिलाव रंगात आला होता, एका पापलेटच्या टोपलीवरून नीराबाई आणि एक व्यापारी हातघाईवर आले होते, आणि फोनचा गजर कमरेला वाजून वाजून गप्प झाला. नऊ वाजता तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पदर खोचून अशी धावत सुटली की लोकांना वाटलं, घराला आग लागली. दिशाला गोळी देऊन ती ओट्यावर बसली.

तिथं बसल्या बसल्या तिनं विचार केला. फोन तिला चुकवतो, घड्याळ तिला चुकवतं. उभ्या जन्मात तिला चुकवलं नाही ते फक्त पाण्यानं. पाणी दिवसातून किती वेळा भरतं? दोनदा. किती तासांनी? बारा तासांनी, वर थोडं इकडंतिकडं. डॉक्टरनं सांगितलं ते याहून वेगळं काय आहे? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ते काळीज सत्तेचाळीस वर्षं नीराबाईच्या पोटात होतं. भरतीला उठलं, भरतीला जेवलं. त्याला आठ वाजलेले काय कळणार? ते पाण्याचीच वाट बघत असणार.

त्या दिवसापासून दिशाची गोळी भरतीला सुरू झाली. आणि एकही चुकली नाही, हे मात्र कबूल करायला हवं. पहाटे तीनची भरती असली तर नीराबाई तशीही होड्यांसाठी उठलेलीच असायची, ती आपल्याजवळ झोपलेल्या पोरीला बसती करून गोळी घालायची. दुपारची असली तर हातात वाटी झाकून शाळेच्या खिडकीशी उभी. दिशाला ही नवी पद्धत फार आवडली. आईच्या राज्यात तिला सकाळी धक्क्यावर यायला मिळत नव्हतं, आजीच्या राज्यात पाणी भरलं की धक्क्यावरच बोलावणं यायचं.

सोनल रात्री आली की विचारायची, "आय, गोळी देली?"

"देली. मना सोपवलंस ना? मंग रोज रोज इचारू नको."

सदा कोपऱ्यात जाळं विणत असायचा. त्याला सगळं दिसत होतं. पण लग्नाला अडतीस वर्षं झालेला माणूस कुठल्या वेळी बोलायचं नाही हे शिकलेला असतो.

याच दिवसांत शर्यतीचं ठरलं. माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी खाडीत होड्यांची शर्यत असते, आणि यंदा पहिल्यांदाच मुलींच्या होड्या उतरणार होत्या. चार जणी वल्ह्यावर, एक सुकाणूवर. सुकाणूवर हलकी, चलाख पोर हवी. मुलींनी एका आवाजात दिशाचं नाव घेतलं, कारण पाणी कुठं ओढतं ते तिला बसल्या जागी कळायचं. शर्यतीचा कारभारी हरेश्वर मात्र अडून बसला. माणूस वाईट नाही, पण जबाबदारी अंगावर यायला लागली की त्याच्या पोटात कळ येते.

"डॉक्टरचा कागूद आना, बय. पोरीचं मोठं आपरेशन झालेलं. उद्या काय झालं तं लोक माज्या नरड्याला लागतील."

"आनते. एक काय, दोन आनते."

त्या दिवसापासून दिशा दुसरं काही बोलेना. अंगणात पाट उलटा टाकून त्यावर बसायची आणि सदाला वल्हवायला लावायची. "आजोबा, डावं जोरात! आजोबा, झोपलात काय?" मोठ्या दवाखान्याची पोर म्हणून जिला सगळे उचलून बाजूला बसवत आले, तिला पहिल्यांदा कुणीतरी मध्ये बसवलं होतं. नीराबाईला ते दिसत होतं. हा कागद मिळालाच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं.

आणि नेमके रक्ताचे अहवाल बिघडले.

रक्त अलिबागला द्यायचं, सकाळी आठला, गोळी घ्यायच्या आधी. अहवाल परस्पर मुंबईला डॉक्टरांच्या फोनवर. मार्गशीर्षातला पहिला आला, तर रक्तात औषध फार जास्त. डॉक्टरांनी फोनवरून गोळी कमी केली. अठरा दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, तर औषध फार कमी. गोळी वाढवली. पौषात तिसरा आला, तर आधीपेक्षाही जास्त. रक्त घेणारी मुलगी दर वेळी विचारायची, "आजी, आठची गोळी दिली नाही ना?" आणि नीराबाई खरं तेच सांगायची, "आठची न्हाय देली."

डॉक्टर क्षिप्रांनी बोलावून घेतलं. सोनलनं सुट्टी काढली, तिघी मांडव्याहून बोटीनं मुंबईला गेल्या.

डॉक्टर कधी नव्हे त्या गंभीर होत्या. "इतकी वर्षं सगळं सरळ रेषेत होतं. आता हे असं वरखाली का होतंय, मला कळत नाही. सुई घालून यकृताचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. दोन दिवस राहावं लागेल, आणि पुढचा महिनाभर धावपळ नाही, होडी नाही."

दिशाचा चेहरा ओहोटीच्या खाडीसारखा झाला. ती रडली नाही. आजीचा हात मात्र तिनं असा धरला की बांगड्या रुतल्या.

"मॅडम, पोरगी ठीक हाय," नीराबाई म्हणाली. "मना म्हाईत हाय ना. कालीज..."

"तुमचं आहे, हो. पण रक्त काय सांगतंय ते बघायला हवं." डॉक्टरांनी दोन कागद काढले. "आधी हे भरून घेऊ. वर्षातून एकदा भरतोच आपण. दिशा, हा तुझा, तू स्वतः लिही. आजी, तुमचा मी वाचते."

कागद होता पोरीचं एकूण कसं चाललंय त्याचा. औषधं आणि रक्त सोडून बाकीचं जगणं. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. नीराबाईच्या मते ही सरळ सरळ परीक्षा होती, आणि शर्यतीचा कागद पासच्या निकालावर अवलंबून होता.

"खेळताना दमते का?"

"कदीच न्हाय."

"शाळेत जायला कंटाळते?"

"कदीच न्हाय."

"आपण इतरांसारख्या नाही, असं तिला वाटतं का?"

"कदीच न्हाय."

"आजी, मला प्रश्न पूर्ण वाचू तरी द्या. चिडचिड करते?"

"तिची आय करते. ती न्हाय."

सोनलनं सासूकडे बघितलं, पण दवाखान्यात होती म्हणून सोडून दिलं.

तिकडे दिशा खाली मान घालून लिहीत होती. जिभेचं टोक बाहेर. सगळ्या चौकटींत खुणा करून झाल्यावर शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का?' अशी रिकामी जागा होती. ती रिकामी सोडणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं कागद भरला आणि डॉक्टरांना दिला.

डॉक्टर वाचू लागल्या. वाचता वाचता थांबल्या. पुन्हा वरून वाचलं. मग चष्मा काढून मोठ्यानं वाचलं, "पहाटेची भरती असली की गोळी घेतल्यावर मला परत झोप येत नाही, ती मग इतिहासाच्या तासाला येते. दुपारची भरती असली की बय गोळी घेऊन शाळेत येते, तेव्हा मजा येते. बाकी मी बरी आहे. मला होडीवर जाऊ द्या."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला.

"आजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "भरतीला म्हणजे काय?"

नीराबाईनं पदर सारखा केला. "पानी भरतं तवा."

"रोज?"

"दोनदा. तुमीच बोल्लाव ना बारा बारा तासांनी? एक गोली चुकली असंल तं सांगा!"

सोनल उभीच राहिली. "आय! आठला द्यायची व्हती!"

"आठला कालिजाला काय कलतं गो? ते कोलनीचं कालीज हाय!"

डॉक्टरांनी हात वर करून दोघींना थांबवलं आणि अहवाल पुढे ओढले. "पहिलं रक्त घेतलं त्या दिवशी भरती कधी होती? आठवतंय?"

"तारीख नका सांगू. तिथी सांगा."

डॉक्टरांनी फोनमध्ये पंचांग शोधलं. मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात हे बहुतेक पहिल्यांदाच घडत असावं. "शुद्ध अष्टमी."

"मंग सहाला. सहाला गोली देली, आठला रगत देलं."

"म्हणून जास्त. आणि दुसरं... वद्य एकादशी."

"सव्वाआठ. देली न्हवती अजून."

"आणि गोळी मी कमी केलेली, म्हणून कमी. तिसरं पुन्हा अष्टमी." डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या आणि हसायला लागल्या. आधी ओठ दाबून, मग दाबवेना म्हणून उघडच. डोळ्यांतून पाणी आलं. "मी चार पुस्तकं उघडली, दोन सरांना फोन केले. पंचांग उघडायचं मला सुचलं नाही."

दिशाही हसायला लागली. सोनलचा राग हसण्यात कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. हसली नाही ती एकटी नीराबाई. तिला आता कुठं उमगत होतं. पोरीच्या अंगात सुई जायची होती ती तिच्यामुळे. होडी जायची होती ती तिच्यामुळे. एवढा मोठा आवाज असलेल्या बाईचा आवाज खाली आला.

"मॅडम, चूक माजी. पोरीला सुई नका लावू. मना लावा."

डॉक्टर हसायच्या थांबल्या. "तुम्हाला लावून काय कळणार? आजी, रोज अर्धा-पाऊण तास पुढं सरकलेल्या गोळीनं सहसा घात होत नाही. पण रक्ताचं माप चुकतं, आणि मी चुकीच्या मापावर गोळी बदलत बसते, तो घात. आता आठ दिवस जुन्या मापानं, आठ आणि आठ. मग रक्त. सरळ आलं तर सुई नाही."

"आन होडी?"

"तेव्हा बघू. पण गोळी देणार कोण?"

सोनल लाँचवर असणार. नीराबाईनं डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, हत्यार खाली ठेवावं तसा. तो उचलला दिशानं.

"मी घेते. माझी मी."

"तुला जमंल?" नीराबाई म्हणाली.

"बय, सुकाणू धरायला जमतं, तर गोळी धरायला नाय जमणार?"

डॉक्टरांनी तेच ठरवलं. नीराबाईला एकच काम दिलं. बघायचं, पण बोलायचं नाही. यापेक्षा दुसऱ्यांदा काळीज कापून घेणं तिला सोपं गेलं असतं.

ते आठ दिवस पाटणबंदरला आठवतात. सकाळी आठला काही अडचण नव्हती, शाळेच्या आधीच गोळी. गाडी अडायची संध्याकाळी. पावणेआठला दिशा समोरच्या अंगणात पोरींशी खेळत असायची आणि नीराबाई दारात उभी, तोंडात पदराचा बोळा. आठला पाच कमी. दिशा खेळतेच आहे. आठला दोन कमी. नीराबाईचा पाय उंबऱ्याबाहेर.

"नीरे," सदा जाळ्यावरून मान न काढता म्हणायचा, "पाय आत."

"माजा पाय हाय. पाय बोलतो काय? मना बोलायची बंदी हाय, पायाला न्हाय."

आणि आठच्या ठोक्याला दिशा खेळ अर्धा टाकून धावत यायची, डबा उघडायची, पाणी प्यायची आणि आजीकडे बघून जीभ बाहेर काढून दाखवायची. गिळली. लगेच परत अंगणात. पाचव्या दिवशी ती एक मिनिट उशिरा आली. त्या एका मिनिटात नीराबाईनं हरेश्वर, गजर, घड्याळ बनवणारा आणि स्वतःची सून या सगळ्यांना मनातल्या मनात जे काही ऐकवलं, ते मनातच राहिलं हे बरं झालं.

सहाव्या दिवशी ती दारात उभी राहिली नाही. धक्क्यावरच बसून राहिली. घरी आल्यावर विचारायचंही तिनं टाळलं. डब्यातला तो कप्पा रिकामा होता.

नवव्या दिवशी रक्त गेलं. दोन दिवसांनी सोनलच्या फोनवर डॉक्टरांचा निरोप आला. पातळी अगदी जागेवर. सुई नाही. सोबत कागद होता, दिशाला होडीवर सुकाणू धरायला काहीही हरकत नाही, अंगावर तरंगण्याचं जाकीट घालावं. नीराबाईनं तो सोनलकडून तीनदा वाचून घेतला, मग हरेश्वरच्या घरी जाऊन त्याच्याकडून मोठ्यानं चौथ्यांदा वाचून घेतला, शेजारच्यांना ऐकू जाईल असा.

शर्यतीच्या दिवशी, पंचमीला, पावणेचारच्या भरतीला खाडी काठोकाठ होती. मुलींच्या सहा होड्या. शिटी वाजली. पहिल्यांदा दिशाची होडी पाचवी होती. मग वळणावरच्या तरंगत्या बोयाशी पुढच्या दोन होड्या एकमेकींत अडकल्या, आणि दिशानं आपली होडी त्यांच्या आतून, काठाकडच्या संथ पाण्यातून काढली. नारिंगी जाकिटातली ती एवढीशी पोर उभी राहून ओरडत होती, "डावं! डावं! आता दोन्ही!" तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या पोरी ती म्हणेल तसं वल्हवत होत्या. नीराबाई धक्क्याच्या अगदी टोकाला, निम्मी पाण्यावर, सदानं मागून तिचा पदर धरलेला.

शेवटच्या दोरीला तिसऱ्या नंबरासाठी दिशाची आणि मागून आलेली एक होडी जवळजवळ बरोबर घुसल्या. हरेश्वरनं हात वर केला आणि जाहीर केलं, दिशाची होडी चौथी.

होडी अजून धक्क्याला लागायची होती, पण नीराबाई हरेश्वरच्या पुढ्यात उभी ठाकली. "चवथी? डोलं कुटं ठेवलंव? नाक आमचं पुडं व्हतं!"

"बय, हातभर मागं व्हतं. मी दोरीवर उभा हाय."

"दोरीवर उभा हायस का दोरीवर झोपलायस? तिसरी हाय पोरगी!"

मागून भिजलेली दिशा वर चढून आली, धापा टाकत, गाल लाल, केस चेहऱ्यावर चिकटलेले. हरेश्वर तिला बघून घाबरला. त्यानं विषय बदलायची संधी साधली. "दिशा, बरी हायस ना गो? चक्कर-बिक्कर न्हाय ना? बय, पोरीची तब्येत..."

"तब्येतीचं सोड!" नीराबाई गरजली. "नंबराचं बोल!"